मामांचा क्लच, माझा डावा पाय

या, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढे यावं, पुढच्यांनी जरा गुडघे आवळावेत, म्हणजे सगळ्यांची सोय होईल. फोन गप्प करा, मन मोकळं ठेवा. आज मी तुम्हाला एका डाव्या पायाची कथा सांगणार आहे. पाय माझाच आहे, त्यामुळे कथेच्या खरेपणाबद्दल शंका नको. कथेत माझा ठिकठिकाणी अपमान होतो. तो सांगताना रागवायचं नाही, असं सकाळीच देवापुढे हात जोडून ठरवलं आहे. देवाने ऐकून घेतलं. निभावणं माझ्याकडे आहे, तेवढीच काय ती धास्ती.

तर माझे मामा. आईचे धाकटे भाऊ, वय एक्याऐंशी, राहणार आमच्याच इमारतीत तळमजल्यावर. त्यांच्याकडे एक लाल गाडी आहे. दोनच आसनं, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसायचं ठरवावं आणि ऐन वेळी विचार बदलावा. तीस वर्षं दर रविवारी मामा त्या गाडीतून टेकडीवरच्या तलावापर्यंत जायचे, पाणी बघायचे आणि परत यायचे. बाकी कुठलं व्यसन नाही.

आता मामांच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध डाग पडला आहे. ज्याच्याकडे बघावं ते दिसत नाही, त्याच्या आजूबाजूचं दिसतं. म्हणून माझा चेहरा बघायचा असला की ते माझ्या कानाकडे बघतात. नवख्या माणसाला वाटतं, कानाला काही लागलंय की काय. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की कडेचं दिसतंय तेही हळूहळू जाईल. चार महिने धरा, फार तर पाच. हे ऐकून आल्यावर मामांनी मला खाली बोलावलं आणि माझ्या कानाला उद्देशून म्हणाले, "मला एकदा टेकडीवर जाऊन पाणी बघायचंय. आपल्या गाडीतून. तू ने."

मी म्हटलं, माझी गाडी आहे की, उद्या सकाळी जाऊ. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. दहा वर्षांत तिने मला एकदाही खाली पाहायला लावलेलं नाही. मामा म्हणाले, "तुझ्या गाडीत गाडी चालवते आणि माणूस बसून राहतो. तसं मला जायचं नाही."

समोरच्या दुकानातले पडदेवाले तिथेच होते. भला माणूस, अंगाने दणकट, दारा-खिडक्यांचे पडदे शिवतो आणि स्वतःच्या व्हॅनमधून घरोघरी लावून देतो. ते म्हणाले, मामा, मी नेतो तुम्हाला, मला सगळे गिअर येतात. मामांनी मान हलवली. परक्याच्या पायाखाली हिचा क्लच देणार नाही म्हणाले. घरचा पाय पाहिजे.

आता घरचा म्हणजे माझाच. बायकोला गाडी येत नाही, मुलगी दूरदेशी. मी पाणीपुरवठा खात्यात जुन्या कागदपत्रांच्या विभागात सव्वीस वर्षं काढली आहेत. एक पेडल ते काय, दोन दिवसांत शिकतो, असं मी म्हणालो. माणसाच्या तोंडून असली वाक्यं निघतात तेव्हा वर कुणीतरी पेन काढून लिहून घेत असतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

क्लच म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक दृष्टांत देतो. इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. या दोघांची ओळख करून द्यायची, हे डाव्या पायाचं काम. पेडल पूर्ण दाबलेलं आहे तोवर दोघं वेगळे. ते घाईने सोडलं तर इंजिनाचा अपमान होतो, ते जागच्या जागी एक उडी मारतं आणि प्राण सोडतं. फारच सावकाश सोडलं तर दोघं एकमेकांना घासत बसतात आणि जळका वास सुटतो. मध्ये कुठेतरी बोटभर जागा आहे. तिथे पाय थांबवायचा, उजव्या पायाने थोडी रेस द्यायची, गाडी अंग उचलते, मग हळूच सोडून द्यायचं. त्या जागेला पडदेवाले हाफ क्लच म्हणतात. कीर्तनात बुवा सांगतात की घट्ट धरू नये आणि टाकूनही देऊ नये, मधल्या जागी राहावं. मी आयुष्यभर माना डोलावत ते ऐकलं. ती जागा खरोखर असते आणि तिच्यासाठी मांडीत गोळा येतो, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं.

पण पायाला हात घालायच्या आधी, म्हणजे पेडलला पाय लावायच्या आधी, परवान्याचा प्रश्न निघाला. माझ्या परवान्यावर माझ्या नावाखाली बारीक अक्षरात छापलं होतं: फक्त ऑटोमॅटिक. दहा वर्षं हा शेरा मी शर्टाच्या खिशात, छातीशी धरून हिंडत होतो. आता शिकाऊ म्हणून नव्याने नाव घालायचं, चाचणी द्यायची. मी परवाना कार्यालयात गेलो. चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून सांगितलं की डावा पाय धडधाकट असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागेल. ऑटोमॅटिकला डावा पाय लागत नाही, त्यामुळे सरकारदरबारी माझ्या डाव्या पायाची नोंदच नव्हती.

आमच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली आणि कागदावर लिहिलं, "डावा पाय आहे." खिडकीतल्या बाईंनी तो कागद परत केला. नुसता आहे म्हणून चालत नाही, असून कार्यरत आहे असं पाहिजे. आता मला सांगा, मी त्याच पायावर चालत त्यांच्यापुढे आलो होतो की नाही. हे मी त्यांना नम्रपणे विचारलं. त्या म्हणाल्या, कसे आलात ते आम्ही बघत नाही. मीही सव्वीस वर्षं लोकांचे दाखले परत केले आहेत, नाही म्हणत नाही. पण परत करताना मी समोरच्याला बसायला सांगतो.

दाखला झाला. मग गाडीला पुढे-मागे शिकाऊची पाटी लागली. लाल, बुटकी, रेसच्या मैदानातून आल्यासारखी गाडी, तिच्या नाकावर शिकाऊची पाटी आणि आत मी. गल्लीतल्या लोकांनी यात हसण्यासारखं काय पाहिलं ते मला अजून समजलेलं नाही.

नियम असा की शिकाऊ माणसाशेजारी पक्का परवाना असलेला सोबती पाहिजे. मामांचा परवाना डोळ्यांमुळे गेलेला. म्हणून पडदेवाले बसायचे. बसायचे हे सौजन्याने म्हणतो. खरं तर त्यांना त्या आसनात भरावं लागे, आणि शिकवणी संपली की दोघांनी ओढून काढावं लागे. त्यातले एक नेहमी मी. पडदेवाल्यांची शिकवण त्यांच्या धंद्यातली. शिवणाच्या मशीनवर पाय मारतो तसं समजा साहेब, म्हणाले, आधी कापडाला सुईची चाहूल लागू द्या, मग पाय चालवा. मला ते फार पटलं. मी पाय मशीनसारखा खाली-वर केला. गाडी गल्लीतून बेडकासारखी चार उड्या मारत गेली आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीपाशी शांत झाली. पडदेवाल्यांचं डोकं प्रत्येक उडीला छताला लागत होतं. पाचव्या दिवसापासून ते घरून उशी आणून डोक्यावर धरून बसू लागले. हा माझा अपमान आहे की नाही, तुम्हीच ठरवा.

दुसरे सल्लागार पहिल्या मजल्यावरचे कवायत मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, शिट्टी मात्र गळ्यात राहिली. त्यांनी गच्चीतून पाहिलं आणि निदान केलं की मला ताल नाही. मग रोज सकाळी मी गाडी सुरू केली की वरून आकडे यायचे. एकला क्लच दाबा, दोनला गिअर, तीनला सोडा. तीनला शिट्टी. माणसाच्या कानाशी शिट्टी वाजली तर पाय काय करील? पाय उडतो. गाडी बंद. मास्तर वरून पुन्हा एक म्हणायचे. एका सकाळी ओळीने अकरा वेळा मी त्यांच्या तीनला मेलो. शेवटी खाली उतरून हात जोडले आणि म्हटलं, मास्तर, आपण मला दिलंत तेवढं पुष्कळ झालं. मास्तरांना वाईट वाटलं. चारच दिवसांनी इमारतीच्या जिन्यात सूचना लागली: आवारात वारंवार बंद पडणाऱ्या वाहनामुळे व जळक्या वासामुळे रहिवाशांना त्रास होतो, संबंधित सभासदांनी नोंद घ्यावी. संबंधित सभासदांनी, असं अनेकवचन. मी एकटाच होतो. मला मान देण्यासाठी अनेकवचन वापरलं असावं असं मी स्वतःला दोन दिवस समजावलं.

आणि मामा. ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे. त्यांना मी दिसत नव्हतो, पण ऐकू येत होतो. गाडी बंद पडली की काठी फरशीवर एकदा आपटायची. बाकी एक शब्द नाही. अख्ख्या गल्लीला काठीच्या आवाजावरून माझी प्रगती कळायची. दूधवाला बाहेरूनच विचारून जायचा, आज किती. मी मामांना म्हटलं, तुम्ही सांगत का नाही काही, तीस वर्षं चालवलीत. मामा म्हणाले, "सांगून कळत असतं तर पडदेवाल्यांचं डोकं शेकलं नसतं."

बायकोने मात्र सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरून ती कपडे वाळत घालता घालता सगळं बघायची. एकदा जेवताना म्हणाली, "अहो, तुम्हाला राग आला की तुमचा पाय उठतो. कुणी हसलं, कुणी हॉर्न वाजवला, की उठलाच." मी म्हटलं, मला राग येत नाही, मी भाविक माणूस आहे. आणि ताटावरून उठलो.

आठवडे जात होते. मामा आता माझ्या कानाकडे बघत नव्हते. आधी खांद्याकडे बघू लागले, मग खांद्याच्याही पलीकडे, भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिथे बघितलं तर मी थोडा दिसायचो. हे त्यांनी सांगितलं नाही, मी पाहिलं. त्या दिवशी ऑफिसात एका माणसाचा अपुरा दाखला मी न बोलता घेऊन ठेवला.

मग चाचणीचा दिवस. त्या सकाळी पाय सोन्यासारखा चालत होता. पडदेवाल्यांना शेजारी घेऊन मी कार्यालयाच्या मागच्या मैदानात पोचलो तोवर गाडी एकदाच बंद पडली होती, आणि तीही लाल दिव्याला, जिथे थांबायचंच होतं. परीक्षक तरुण होते, इस्त्रीचा शर्ट, हातात कागद लावलेली पाटी. पडदेवाल्यांना ओढून बाहेर काढलं, परीक्षक आत बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, चला.

माझा पाय क्लचवर. गिअर पहिला. सगळं जुळून आलेलं. आणि अशा वेळी माझ्यातली सव्वीस वर्षं बोलली. मी म्हटलं, "साहेब, एक बारीकशी गोष्ट."

शिकाऊ परवान्याच्या पाठीमागे सातवा नियम आहे. शिकाऊ चालकाने पक्का परवाना असलेल्या सोबत्याशिवाय वाहन चालवू नये, अपवाद नाही. माझा सोबती मैदानाच्या कडेला उभा राहून डोकं चोळत होता. मी हे परीक्षकांच्या नजरेस आणून दिलं. ते म्हणाले, मी बसलोय ना शेजारी, मीच सोबती. इथे कुणीही समंजस माणूस थांबला असता. मी म्हटलं, अर्थातच, फक्त नोंदीसाठी विचारतो, आपला परवाना गिअरच्या गाडीचा आहे ना?

परीक्षकांनी पाकीट काढलं, परवाना काढला, डोळ्यांशी धरला. मी वाकून पाहिलं. नावाखाली बारीक अक्षरात तेच: फक्त ऑटोमॅटिक.

मला एकदम बंधुभाव वाटला. त्यांना वाटला नाही. ते म्हणाले, तुम्ही बोलला नसतात तर माझ्या लक्षात आलं नसतं. आता बोललात, तेव्हा मी ऐकलं नाही असं म्हणता येत नाही. सोबती आत पाहिजे, परीक्षक आत पाहिजे, चालक आत पाहिजे, आणि गाडीत आसनं दोन. त्यांनी कागदावर लिहिलं, "आसनसंख्या अपुरी. चाचणी होऊ शकली नाही." पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची. नियम मी दाखवावा आणि शिक्षाही मलाच व्हावी, हा न्याय मला आजही मान्य नाही. वरच्या कार्यालयाला मी तीन पानी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की पत्राला जोडपत्र जोडलेलं नाही.

घरी बायकोने विचारलं, "तुम्हाला गप्प बसता आलं नसतं का?"

मी म्हटलं, "नियम होता."

"नियम त्यांचा होता. मामा आपले आहेत."

मी खाली जाऊन मामांना सांगितलं. वाटलं, रागावतील. ते पाच आठवडे, पाच आठवडे असं दोनदा म्हणाले आणि मग बोटांवर काहीतरी मोजत बसले. मी तिथून निघून आलो.

दुसऱ्या चाचणीला पडदेवाल्यांची व्हॅन नेली. तिच्यात पुढे एकच लांब बाक आहे, तिघं मावतात. चाकाशी मी, खिडकीशी पडदेवाले आणि मध्ये परीक्षक, खांदे आवळून, कागदाची पाटी छातीशी धरून. मागे पडद्यांचे लोखंडी दांडे होते. ते उतरवायला पडदेवाले विसरले, असं ते म्हणतात. मी पहिला गिअर टाकून निघालो तसा एक दांडा सरकत पुढे आला आणि परीक्षकांच्या मानेला टेकला. ते शहारले. दुसऱ्या गिअरला पुन्हा टेकला. आता सरकारी माणसाच्या मानेत माझ्या पायामुळे लोखंड घुसतंय म्हटल्यावर मी काय करावं? मी पाय असा सोडू लागलो, असा, की झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या खालून हात काढावा. पूर्ण मैदान फिरलो. दांडा हलला नाही. परीक्षकांनी खाली उतरून मान चोळली आणि शेरा लिहिला, "क्लचवर उत्तम ताबा."

उत्तम. माझ्या नावापुढे कुणीतरी उत्तम लिहिलं. तो कागद मी मामांना वाचून दाखवला, बायकोला दाखवला, जिन्यातल्या सूचनेशेजारी लावावा असंही मनात आलं. मग दुसऱ्या दिवशी लाल गाडीत बसलो आणि फाटकातच तीनदा बंद पाडली. व्हॅनचा क्लच जुन्या चपलेसारखा मऊ, त्याने पाय लाडावला होता. हिचा दगडासारखा, आणि ती बोटभर जागा तर अगदी वर, सोडत आणता आणता माणूस गाफील होतो तिथे. फाटकाशी काठी आपटली नाही. मी वळून पाहिलं. मामा काठी मांडीवर आडवी धरून बसले होते.

त्यांना घरात नेऊन बसवलं आणि म्हटलं, मामा, आठ दिवस द्या, हात बसेल. मामांनी मला शोधलं. आधी घड्याळाकडे, मग दाराकडे, मग पार उलट्या बाजूला कपाटाकडे मान नेली, तेव्हा कुठे त्यांना माझं काहीतरी सापडलं.

"उद्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आता सोबती लागत नव्हता, पक्का परवाना खिशात होता. तरी पडदेवाले रस्त्यापर्यंत आले आणि स्वतःची उशी त्यांनी मामांच्या पाठीशी दिली. कवायत मास्तर गच्चीत उभे होते. शिट्टी हातात धरली होती, वाजवली नाही. सपाट रस्त्याला गाडी बरी गेली. मामा खिडकीबाहेर तोंड करून बसले होते आणि आवाजावरून सांगत होते, आता तिसरा टाक, आता चौथा. मी टाकत होतो. मला वाटलं, झालं, जमलं. हे वाटायला नको होतं.

टेकडीच्या अर्ध्या चढावर रस्ता खणलेला होता. एका बाजूने डांबर चाललेलं, उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडत होते. तिथे नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस काठीवरची गोल पाटी घेऊन उभा. पाटीच्या एका बाजूला 'थांबा', दुसऱ्या बाजूला 'जा'. नेमकं आमच्यापुढे येऊन त्याने 'थांबा' फिरवलं. सरळ चढ, पुढे कुणी नाही, मागे एक, दोन, पाच, नऊ गाड्या उभ्या राहिल्या. मी आरशात मोजत होतो. वरून एक लांबलचक रांग उतरत आली आणि गेली. पाटी फिरली: 'जा'.

मी हँडब्रेक सोडला, क्लच सोडला, गाडीने एक उडी मारली आणि मेली. मागे हॉर्न. पुन्हा सुरू केली. हॉर्न. पुन्हा मेली, आणि या वेळी हातभर मागे सरकली. मागच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं की आजोबांना चालवायला देता का. माझ्या कानशिलात रक्त चढलं. पाचव्यांदा बंद पडली तेव्हा वरच्या गाड्यांची वेळ झाली आणि पाटी पुन्हा 'थांबा'. सगळी रांग माझ्यामुळे अडकलेली. नऊच्या नऊ हॉर्न वाजू लागले. जळका वास आत भरला. मामा खिडकीबाहेर बघत होते, पण त्या बाजूला फक्त खणलेली माती होती.

मी ठरवलं की गाडी इथेच लावायची, मामांना हात धरून वर न्यायचं. चढ अर्ध्या कोसाचा, मामांचे गुडघे एक्याऐंशी वर्षांचे. म्हणजे जायचंच नाही असं मी ठरवत होतो, फक्त शब्द वेगळे वापरत होतो.

तेवढ्यात तो पाटीवाला माझ्या खिडकीशी आला. मी काच खाली केली आणि तोंड उघडून तयारच राहिलो, कारण आता हाही शिकवणार. एक दाबा, दोन सोडा, मशीनसारखं, तान्ह्या मुलासारखं. याला मी काय काय सुनावणार होतो ते इथे सांगत नाही, तुमच्यात लहान मुलं आहेत.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पलीकडे मामांकडे बघितलं, थोडा वेळ. मग म्हणाला, "वर जायचंय ना यांना? सावकाश घ्या. मी उभा आहे."

एवढंच. मग तो आमच्या गाडीच्या मागे गेला, आमच्यात आणि टेम्पोत येऊन उभा राहिला, आणि 'थांबा'ची पाटी त्याने मागच्या नऊ गाड्यांना दाखवली. वरच्या बाजूच्या आपल्या माणसाला हात केला, तर वरचीही रांग थांबली. टेम्पोवाला काहीतरी ओरडला. पाटीवाल्याने पाटी हलवली नाही. हॉर्न एकेक करत बंद झाले. मी सरकलो असतो तर सगळ्यात आधी त्याच्याच पायावर. त्याला ते दिसत असणारच. तो तिथेच उभा राहिला, आमच्या गाडीकडे पाठ करून.

सगळा रस्ता मोकळा आणि शांत. दोन्हीकडची माणसं थांबलेली, आणि मला घाई करणारं कुणी उरलं नव्हतं. मी पाय ठेवला. वर, आणखी वर, त्या बोटभर जागेपर्यंत आणला. गाडीने अंग उचललं. मी तिथेच थांबलो, थोडी रेस दिली, हँडब्रेक सोडला. ती मागे गेली नाही. पुढे गेली, कुणी पाठीवर हात ठेवून न्यावं तशी.

मामा म्हणाले, "हां."

माथ्यावर गाडी लावली. तलाव समोर होता, काठोकाठ. मामांना बाहेर काढलं, कठड्याशी उभं केलं. त्यांनी मान फिरवायला सुरुवात केली. पाण्यावरून डावीकडे, झाडांकडे, रस्त्याकडे, मग पूर्ण वळून आलो त्या वाटेकडे. पाण्याला पाठमोरे होत होत एका जागी थांबले. तिथून, डोळ्याच्या अगदी कोपऱ्यातून, त्यांना ते सापडलं.

"पाणी कमी झालंय," म्हणाले.

मी पाणीपुरवठा खात्यातला माणूस. मी सांगितलं की मुळीच कमी नाही, परवाच पातळी नोंदवली आहे, गेल्या सहा वर्षांत इतकं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तसेच उभे राहिले. पुष्कळ वेळ. मी मध्ये बोललो नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या. डॉक्टरीणबाई म्हणतात डोळ्यांवर ताण आला की येतं. मग ते म्हणाले, चल, झालं बघून.

त्याला आता सात महिने झाले. मामांना आता कुठल्याच बाजूने दिसत नाही. रविवारी आम्ही टेकडीवर जातो, ते पाण्याचा वारा ओळखतात, पातळीवरून माझ्याशी वाद घालतात. गाडी बंद पडतेच अधूनमधून. मला रागही येतो. आलाच आत्तासुद्धा, सांगताना, तुम्ही पाहिलात. देवाचा आणि माझा तो जुना हिशेब आहे, तुम्ही त्यात पडू नका.

पण एक मागणं आहे. त्या दिवशी उतरताना मी मनाशी ठरवलं होतं की गाडी थांबवायची, खाली उतरायचं आणि त्या पाटीवाल्याचे हात धरायचे. आम्ही परत आलो तोवर डांबर घालून झालं होतं. रस्ता गुळगुळीत, दोन्हीकडून गाड्या धावताहेत, पाट्या नाहीत, माणसं नाहीत. पुढच्या रविवारी बघितलं, त्याच्या पुढच्या रविवारी बघितलं. खणलेला रस्ता दिसला की अजून मी काच खाली करतो. कुठल्या तरी दुसऱ्या चढावर तो उन्हात उभा असेल, पाटी धरून, आणि लोक त्याच्यावर हॉर्न वाजवत असतील.

आज घरी गेल्यावर देवापुढे बसाल. आपल्या माणसांसाठी मागाल, मागा, मागायलाच हवं. ते मागून झालं की उठायच्या आधी क्षणभर थांबा, आणि त्या नारिंगी जाकीटवाल्याची आठवण ठेवा.